चार पुड्या, पन्नास गुंठे खोडवा आणि ह्यांची जुनी बनियनं

निकाल आधी सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेली वाळकी पानं, कुजवणाऱ्या जिवाणूंच्या ज्या चार पुड्या मी गेल्या हंगामात घेतल्या, त्यांना पाचापैकी दोन चांदण्या. त्यातली एक पुडीला. दुसरी दुकानदाराला, कारण त्यानं न मागता पक्की पावती दिली. आमच्याकडं ही गोष्ट चांदणी देण्याइतकी दुर्मिळ आहे. कंपनीचं नाव घालत नाही. तसल्याच हिरव्या पुड्या दहा नावांनी मिळतात, आणि मला जे सांगायचंय ते दहांनाही लागू पडेल.

आमचं रान हिरण्यकेशीच्या काठाला, संकेश्वरपासून जवळ. गडहिंग्लज पलीकडं, हुक्केरी अलीकडं. घरात मराठी, बाजारात दोन्ही. लावणीचा ऊस २२ डिसेंबरला तुटला. त्याच्या बुडख्यांतून पुन्हा फुटतो तो खोडवा. वाडं जनावरांना गेलं आणि पन्नास गुंठ्यांत गुडघाभर पाचट उरलं. दरवर्षी ह्याच वेळी आमच्या घरात वाद होतो. ह्यांचं म्हणणं, "एक काडी लाव, सकाळपर्यंत रान मोकळं." दोन वर्षांमागं त्या एका काडीनं आमची पाइपलाइन शेजारच्या बांधापर्यंत वितळवली होती, तेव्हापासून काडेपेटी माझ्या ताब्यात आहे. बांधापलीकडचे बसाप्पा काकाही तेच सांगतात, "रवदी सुडब्याड्री, आक्का." म्हणजे पाचट जाळू नका. रवदी म्हणजे आमचं पाचट.

दुकानात गेले तर पोरगं म्हणालं, "आक्का, हे टाका. पंचेचाळीस दिवसांत खत. पुन्हा पाचट दिसलं तर मला विचारा." एक किलोची पुडी १९० रुपये, एकराला चार. ७६० रुपये मोजले. सोबत गुळगुळीत कागदावर छापलेलं मराठी पत्रक दिलं.

घरी आल्यावर पत्रक आणि पुडी शेजारी ठेवून वाचली. पत्रकात मराठीत मोठ्या अक्षरात: ४५ दिवस, सेंद्रिय कर्ब (कार्बन) दुप्पट, युरियाची गरज नाही. पुडीच्या मागं कन्नडमध्ये मुंगीएवढ्या अक्षरात: ९० ते १२० दिवस, ओल राखावी, टनाला ८ किलो युरिया आणि १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट सोबत द्यावं. एकच माल, दोन भाषांत दोन आश्वासनं! शाळेत कन्नड सक्तीनं शिकताना मी लई रडले होते. ते रडणं त्या दिवशी वसूल झालं. कन्नड बाजू खरी निघाली हे पुढं येईलच. पुढच्या वेळी कुणी मराठी पत्रक पुढं केलं, तर आधी पुडी पालथी करून बघा.

आणखी एक. पुडीवरची तारीख पाच महिन्यांपूर्वीची होती आणि मुदत सहा महिन्यांची. शिवाय दुकानात ती थप्पी काचेच्या कपाटात होती, दुपारचं ऊन थेट त्याच्यावर. ही काही मिठाची पुडी नव्हे. लिग्नाइटच्या काळ्या भुकटीत झोपवलेले जिवंत जीव आहेत ते. उन्हानं आणि उष्म्यानं मरतात. मी तेव्हा बोलले नाही, बोलायला हवं होतं.

धाकटी धारवाडला कृषी विद्यापीठात शिकते. सुट्टीला आली होती. पुडी बघून म्हणाली, "आई, नुसतं टाकून बघितलंस तर तुला काय कळणार? कुजलं तर पुडीनं कुजलं म्हणशील. न टाकलेला तुकडा पण ठेव." मग आम्ही दोघींनी दोरी धरून रान वाटलं. वीस गुंठ्यांत पुडी, युरिया, सुपर सगळं. दहा गुंठ्यांत युरिया-सुपर, पुडी नाही. दहा गुंठ्यांत फक्त पुडी, म्हणजे मराठी पत्रकाबरहुकूम. उरलेल्या दहा गुंठ्यांत काहीच नाही, नुसतं पाचट सरीत दाबलेलं. पाचट एकरी साडेतीन टन धरलं. त्या हिशेबानं मोठ्या तुकड्याला १४ किलो युरिया, दहा गुंठ्यांच्या तुकड्याला ७ किलो. पुड्या तीनच लागल्या.

बनियनांची कल्पनाही तिचीच. सुती कापड म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, पाचटाचाही मोठा हिस्सा तोच. जमिनीत जीव किती भुकेले आहेत ते बघायचं तर सुती कापड पुरायचं आणि दोन महिन्यांनी उकरायचं. परदेशात शास्त्रज्ञ यासाठी चहाच्या पिशव्या पुरतात म्हणे, ९० दिवस, आठ सेंटिमीटर खोल. आमच्याकडं चहा पुरायची सोय नाही, बनियनं मात्र भरपूर. ह्यांची पाच जुनी बनियनं काढली. चार तुकड्यांत चार आणि पाचवं रानाच्या शेवटच्या टोकाला, जिथं पाटाचं पाणी कधीच धड पोचत नाही. प्रत्येकाजवळ एक खुंटी ठोकली. हे लांबून बघत होते. एवढंच म्हणाले, "माझ्या अंगावरचं तेवढं ठेवा."

६ जानेवारीला पाणी दिलं, वाफशावर पुडी शेणकाल्यात कालवून झारीनं शिंपडली. आधी ह्यांनी फवारणीच्या पंपात भरायचं काढलं होतं. त्याच पंपानं सोयाबीनवर बुरशीनाशक मारलं होतं, धुतलेला नव्हता. पुडी नावाला जिवाणूंची, आत आहे काय? मुख्यतः बुरशीच. बुरशीनाशकाच्या पंपातून बुरशी मारायची म्हणजे उंदीर मांजराच्या टोपल्यातून पाठवायचा. वेळेवर दिसलं म्हणून बरं.

आता पुडीत नेमकं काय असतं आणि ते काय करतं, हे थोडं लिहिते, कारण माझं सगळं मत त्याच्यावर उभं आहे.

पाचट एकाच पदार्थाचं नसतं. पानातली साखर, स्टार्च असले मऊ घटक जिवाणू पहिल्या काही दिवसांतच फस्त करतात. त्यानंतर हेमिसेल्युलोज, मग सेल्युलोज. इथं ट्रायकोडर्मा, अ‍ॅस्परजिलस यांसारख्या बुरशींचं काम. त्या बाहेर पाचक रस सोडतात, विकरं म्हणतात त्यांना. ती विकरं सेल्युलोजची लांब साखळी तोडून साखर करतात आणि मग बुरशी ती शोषते. आपण तोंडात घेऊन पचवतो, ती बाहेर पचवून मग तोंडात घेते. शेवटी उरतं लिग्निन. पानाच्या मधल्या शिरेला जो काटकपणा असतो तो लिग्निनचा. ते फोडणं फार थोड्यांना जमतं, पांढरी कुज करणाऱ्या बुरशी त्यातल्या मुख्य. आपण भाजी करतो ती धिंगरी अळिंबी त्याच कुळातली. म्हणून पाचटाचं पातं आधी जातं आणि मधली शीर महिनोन्‌महिने तारेसारखी हाताला लागते. पंचेचाळीस दिवसांत ती शीर जाणारच नव्हती, पुडीत कोणीही बसलेलं असो.

दुसरी गोष्ट नत्राची, म्हणजे नायट्रोजनची. हा हिशेब धाकटीनं चुलीपुढं बसून कोळशानं फरशीवर मांडला, मी तो वहीत उतरवून घेतला. एक टन वाळल्या पाचटात साधारण ४०० किलो कर्ब आणि ४ ते ५ किलो नत्र. म्हणजे एकाला ऐंशी ते शंभर. जिवाणूंच्या स्वतःच्या अंगात हे प्रमाण एकाला आठच्या आसपास. खाल्लेल्या कर्बातला अंदाजे एक तृतीयांश ते अंगाला लावतात, बाकीचा श्वासातून कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत. ४०० चा तिसरा हिस्सा १३३. त्याला आठनं भागा, सोळा-सतरा किलो नत्र पाहिजे. पाचटात आहे चार-पाच. उरलेलं ते आणणार कुठून? मातीतून, म्हणजे खोडव्याच्या फुटव्याच्या ताटातून. पाचट न जाळता ठेवलं की खोडवा पिवळा पडतो अशी जी ओरड असते, ती खोटी नाही. कारण मात्र हे आहे.

मी विचारलं, "मग टनाला आठ किलो युरियानं काय होतंय? त्यात नत्र पावणेचार किलोच की." तर म्हणाली, "सगळं पाचट एका दिवसात कुजतंय होय? पहिले जीव मरतात, त्यांच्या अंगातलं नत्र पुढच्यांना. तेच तेच फिरतंय. सुरुवातीला हातउसनं दिलं की गाडं चालतंय." हातउसनं हा शब्द मला पटला. आमचं सगळं घरच त्यावर चालतं.

महाराष्ट्रातली शिफारसही हीच आहे: टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर, १ किलो जिवाणू. कन्नड पुडी आणि पलीकडची शिफारस दोन्ही एकच बोलतात. वेगळं बोलतं ते फक्त विक्रीचं पत्रक.

तर बघितलं काय.

तिसाव्या दिवशी पाचट हातानं उचललं. पुडी आणि युरिया दोन्ही दिलेल्या वीस गुंठ्यांत खालच्या थरावर पांढरे धागे पसरलेले, पिंजलेल्या कापसासारखे. नुसत्या युरिया-सुपरच्या तुकड्यात धागे नव्हते. मला वाटलं, पुडी जिंकली, आणि दुकानदाराला फोन करायच्या बेतात होते. आठ दिवसांनी पुन्हा गेले तर त्या दुसऱ्या तुकड्यातही तेच धागे, तेवढेच दाट. आठवडाभराचा पुढावा, हे पुडीचं श्रेय. ते मी देते.

पंचेचाळिसावा दिवस २० फेब्रुवारीला होता. खत झालं का? नाही. रंग सोनेरीचा तपकिरी झाला होता, थर बसला होता, पण पाचट ते पाचटच. ह्यांनी ओंजळभर उचलून माझ्यापुढं धरलं आणि काहीच बोलले नाहीत. ते बोलण्यापेक्षा वाईट.

७ मार्चला, साठाव्या दिवशी, बनियनं उकरली. त्याची गंमत सांगण्यासारखी आहे. पुडी-युरियाच्या तुकड्यात खुंटीजवळ खुरपं घातलं तर बनियन सापडेना. सापडला तो काठाचा शिवणीचा दोरा, कारण तो पॉलिएस्टरचा, आणि मानेवरची कंपनीची चिठ्ठी, तीही तसलीच. बाकी काळ्या चिंध्या, बोटानं उचलताना तुटणाऱ्या. नुसत्या युरिया-सुपरच्या तुकड्यात हुबेहूब तसंच. दोन्ही चिंध्या शेजारी ठेवल्या तर कुठली कुठली ते मला ओळखता आलं नाही. फक्त पुडी टाकलेल्या दहा गुंठ्यांत बनियन भोकं पडलेलं पण बनियनच होतं, खांदे शाबूत. काहीच न दिलेल्या तुकड्यात जवळपास तेच. आणि शेवटच्या कोरड्या टोकाचं पाचवं? मातीचा डाग पडलेला, बाकी धडधाकट. धुऊन पुन्हा घालता आलं असतं. हे "घालतो की" म्हणालेही.

या कोरड्या टोकानं मला सगळ्यांत जास्त शिकवलं. तिथलं पाचट एप्रिलमध्येही काल तोडल्यासारखं पिवळंजर्द होतं. तो कोपरा खरं तर पुडी-युरियाच्या वीस गुंठ्यांतलाच. म्हणजे पुडी होती, युरिया होता, नव्हतं ते पाणी. जिवाणू पाण्याच्या पातळ थरात जगतात, त्यांची विकरंही त्याच थरातून फिरतात. पाचट कोरडं म्हणजे त्यांचं तोंड शिवलेलं. आमच्याकडं थ्री-फेज लाईट रात्रीची, टोकापर्यंत पाणी न्यायला दोन वाजता बॅटरी घेऊन जायला लागतं. ते काम कुठलीही पुडी करत नाही. उलट पाणी तुंबवूनही चालत नाही. हवा संपली की कुजणं मंदावतं आणि वास मारतो. सरीच्या उताराला एका खोलगट जागी तसं झालंही, कुजलेल्या अंड्याचा वास.

चांगला वास कसा असतो तेही सांगते. नव्वदाव्या दिवशी चांगल्या तुकड्यातलं पाचट बाजूला केलं तर वळवाचा पहिला पाऊस पडल्यावर येतो तसा मातीचा वास आला. तो अ‍ॅक्टिनोमायसेट्स नावाच्या जिवाणूंचा, ते जिओस्मिन म्हणून एक द्रव्य सोडतात. खाली गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या. पाचट मुठीत चुरलं तर भुगा, शिरा मात्र वेगळ्या. वळीव झाल्यावर मे अखेर त्या शिराही मोडायला लागल्या. म्हणजे साडेचार महिने.

मग पुडीनं केलं काय? थोडं. आठवड्याचा पुढावा, तोही युरिया सोबत होता म्हणून. कारण उघड आहे. एकराच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन नऊ लाख किलोच्या घरात. एकेका चिमटीत कोट्यवधी जीव आधीच राहतात, त्यात ट्रायकोडर्माही असतो. त्यांच्यात एकरी चार किलो भुकटी म्हणजे आषाढीला पंढरपुरात आमच्या गावची चार माणसं. गेली, मिसळली. रानात जीव कमी नव्हतेच, त्यांना नत्र आणि ओल कमी होती.

एक शंका माझ्याच प्रयोगावर. पाणी सगळ्या सऱ्यांना एकाच पाटातून जातं. पुडीतले जीव शेजारच्या तुकड्यात वाहून गेलेच नसतील असं नाही. पण तसं असेल तर फक्त-पुडीचा तुकडा मागं का राहिला? तिथंच तर ते होते. त्या तुकड्यातला खोडवा फेब्रुवारीत पिवळाही पडला. मार्चमध्ये मी वरून युरिया दिला तेव्हा कुठं सुधारला. "युरियाची गरज नाही" हे वाक्य छापणाऱ्यावर माझा खरा राग आहे. पंचेचाळीस दिवसांचं सोडा, ती बढाई. पण हे वाक्य वाचून कुणाचा खोडवा बसला, तर तो पुढच्या वर्षी पाचट जाळणार, आणि जिवाणूंना शिव्या घालणार.

कर्ब दुप्पट होण्याचंही तसंच. माझ्या मातीत सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के होता. पावसाळ्याआधी पुन्हा तपासला, ०.५०. धाकटी म्हणाली, हा फरक तपासणीतल्या चुकीत बसतो, नाचू नको. साडेतीन टन पाचटात १,४०० किलो कर्ब. बराचसा हवेत जाणार, वर्षअखेर दीड-दोनशे किलो मुरला तरी नशीब. नऊ लाख किलो मातीत कर्ब ०.१ टक्का वाढवायला ९०० किलो पाहिजे. म्हणजे पाच-सहा वर्षं एकदाही काडी न लावता. दुप्पट बघायला मला किती वर्षं जगावं लागेल ते मी मोजलं नाही.

जळालं तर काय जातं, हे मात्र ह्यांना एकदा आकड्यात सांगितलं. कर्ब सगळा, नत्र जवळजवळ सगळं, गंधक निम्म्याच्या आसपास. पालाश (पोटॅश) बराचसा राखेत राहतो म्हणून जाळणारे "राख खत असतीय" म्हणतात, ते एवढ्यापुरतं बरोबर. पण नत्र धुरातून गेलं की दुकानातून विकत आणायचं. दुकानाचा विषय निघाला की हे ऐकतात.

स्वस्तात काय मिळतं विचाराल तर गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्रानं २०१५ मध्ये वेस्ट डीकंपोजर काढला. तेव्हा वीस रुपयांची बाटली, दोनशे लिटर पाणी, दोन किलो गूळ, आठवडाभर ढवळायचं. पुन्हा त्यातलंच विरजण पुढच्या पिंपाला. जिवाणू टाकायचेच असतील तर ७६० कशाला? दिल्लीच्या पुसा संस्थेच्या कॅप्सूलही आहेत, पण त्या उत्तरेकडच्या भाताच्या काडासाठी काढलेल्या. आणि सोयाबीनच्या भुसकटाला यातलं काहीच लागत नाही. त्यात नत्र जास्त, पाऊस पडला की आपोआप जिरतं.

पुडी घ्यायचीच असेल तर तारीख बघा, सावलीतली मागा, युरिया-सुपर सोबत द्या, आणि बुडखे छाटून पाचट सरीत दाबा, मातीला टेकलं पाहिजे. मल्चर यंत्रानं कुट्टी केली तर अजून बरं, तुकडा जितका बारीक तितकी बुरशीला शिरायला जागा. आमच्याकडं मल्चरवाल्याची पाळी येईपर्यंत फुटवे वर आले, म्हणून राहिलं.

परवा दुकानावरून जाताना पोरानं हाक मारली, "आक्का, औंदा किती पुड्या?" मी थांबून ती काचेची थप्पी दाखवली, म्हटलं, आधी ही उन्हातनं काढ. त्यानं काढली, आत पोत्यांमागं ठेवली. पुड्या घेतल्या नाहीत. युरियाचं एक आणि सुपरचं एक पोतं घेतलं. चौथी पुडी अजून घरात आहे, मुदत संपलेली. उकिरड्यावर टाकणार आहे. हे म्हणतात, शेजारी एक बनियनही पुर.